कच्ची वही कुठे गेली?

‘शाळेमुळे लेकरांची कल्पकता फुलते की कोमेजते?’ हा प्रश्न मागच्या अंकात वाचकांपुढे ठेवला होता. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रं आली. पालकांची जास्त, पण शिक्षकांचीही बरीच. त्यांतल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. दुसरी-तिसरीत असताना स्वतःच्या मनानं गोष्टी रचायची, वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची. आता काहीही लिहायला सांगा, पहिला प्रश्न एकच, ‘गाईडात कुठंय?’ शाळेनंच तिची कल्पकता मारली असं वाटायलंय. शाळा बदलावी का?
*— एक आई, निलंगा*

शाळा बदलण्याआधी तिच्या वह्या बघा. कोणत्याही विषयाची वही उघडा आणि तिच्यात खाडाखोड शोधा. समास आखलेला, प्रश्न काळ्या पेनानं, उत्तर निळ्यानं, आणि पन्नास पानांत एकही शब्द खोडलेला नाही, असं दिसलं तर दुखणं तिथेच आहे.

पूर्वी बहुतेक शाळांत एका विषयाला दोन वह्या असत, कच्ची आणि पक्की. कच्चीत गणित तीनदा चुकायचं, वाक्य वाकडं यायचं, कडेला बैलाचं शिंग काढलेलं असायचं. पक्कीत फक्त शेवटचं उतरायचं. दप्तराचं ओझं, वह्यांचा खर्च आणि तपासणीची घाई यांत बऱ्याच ठिकाणी कच्ची वही गेली, पक्कीच उरली. आता जे लिहायचं ते थेट तपासणीच्या वहीत. स्वतःचं वाक्य पहिल्या खेपेला कधीच सरळ येत नाही, गाईडातलं येतं. तेव्हा तुमच्या मुलीचा प्रश्न आळसातून आलेला नाही. चुकायला जागाच नसेल तर कोणीही शहाणं माणूस तेच करेल.

कल्पकतेचा शास्त्रीय अभ्यास मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या १९५० सालच्या भाषणानंतर जोमानं सुरू झाला. १९६६ मध्ये ई. पॉल टॉरन्स यांनी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. त्यांत चार गोष्टी बघितल्या जात : कल्पना किती सुचतात, त्या किती वेगवेगळ्या जातीच्या आहेत, इतरांना न सुचलेल्या किती आणि तपशिलानं फुलवलेल्या किती. विटेचा उपयोग विचारला आणि मूल म्हणालं ‘घर, भिंत, वाडा’, तर कल्पना तीन पण जात एकच. ‘चुलीला, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून, घासून तांबडा रंग करायला’ असं म्हणालं तर तीन जाती झाल्या. अमेरिकेतल्या मुलांत चौथीच्या सुमारास ही धाव मंदावते असं टॉरन्स यांना दिसलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसं आढळलं नाही, त्यामुळे तो वयाचा अटळ नियम समजू नका. पण याच वयात ‘लोक हसतील का’ ही जाणीव तीव्र होते, आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू होते. दोन्ही एकदम अंगावर येतात.

घरी एक साधी चाळीस पानी वही आणा. तिचे नियम तीन. ती कोणी तपासणार नाही. खोडरबर वापरायचा नाही, नको ते एका रेघेनं खोडायचं, म्हणजे खालचं दिसत राहतं. आणि रोज ठरलेल्या वेळी फक्त १० मिनिटं. पहिला आठवडा नुसत्या याद्या करू द्या : आपल्या अंगणात काय काय आहे, बाजाराच्या दिवशी काय काय ऐकू येतं. वीस गोष्टींची यादी सांगा. सात-आठ पटापट येतील, मग गाडी अडेल. तिथे मदतीला धावू नका. अडल्यानंतर जे येतं तेच तिचं स्वतःचं असतं, आधीचं सगळ्यांनाच सुचतं. दुसऱ्या आठवड्यात यादीतली एक गोष्ट निवडून तिच्यावर पाच-सहा ओळी.

हे बिघडतं ते घरातल्या माणसांच्या हौसेनं. चौथ्या दिवशी कोणीतरी वही उघडतं, ‘ऱ्हस्व-दीर्घ बघ गं’ म्हणतं, किंवा कौतुकानं पाहुण्यांपुढे वाचून दाखवतं. त्या क्षणी कच्ची वही पक्की होते आणि मुलगी पुन्हा गाईड शोधायला लागते.

शाळेचं म्हणाल तर एकच गोष्ट नक्की विचारा : वर्गात चुकीचं उत्तर दिल्यावर काय होतं? हशा होत असेल किंवा मार बसत असेल तर गप्प राहू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि कलम २९ मुलाला भीतीमुक्त ठेवण्याची जबाबदारी शिक्षणव्यवस्थेवर टाकतं. तसं काही नसेल तर शाळा बदलून फारसं हाती लागणार नाही. नव्या शाळेतही पक्कीच वही असेल.

प्रश्न : आमच्या वर्गातल्या पस्तीसच्या पस्तीस मुलांचा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध सारखाच येतो. आकाशात काळे ढग, मोर नाचू लागला, बेडूक डराव डराव. आमच्या गावात मोर नाही. काय करू?
*— जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, कळमनुरी तालुका*

विषय इतका मोठा आहे की मुलाला धरायला कुठे जागाच सापडत नाही, म्हणून ते मोर धरतं. विषय लहान करा. ‘काल पाऊस आला तेव्हा घरच्यांनी आधी काय उचललं?’ असं विचारा. कुणाच्या घरी वाळत घातलेली डाळ, कुणाकडे गोवऱ्या, कुणाकडे शेळीचं करडू, कुणाकडे बाहेर बाजेवर निजलेले आजोबा. पस्तीस घरांतून एकच उत्तर येऊच शकत नाही.

दोन तासिका धरा, पण सलग नकोत, मध्ये एक रात्र जाऊ द्या. पहिल्या तासिकेत ५ मिनिटं नुसतं बोलणं, पेन खाली. मग १२ मिनिटं लेखन. ‘सुंदर’, ‘छान’, ‘खूप’, ‘मनमोहक’ हे शब्द त्या दिवसापुरते बंद. एक आवाज, एक वास आणि कोणीतरी प्रत्यक्ष बोललेलं एक वाक्य आलंच पाहिजे. नंतर शेजाऱ्याशी वही बदलायची. शेजाऱ्यानं चूक काढायची नाही, फक्त दोन प्रश्न विचारायचे : ‘मला काय दिसलं नाही?’ आणि ‘पुढं काय झालं?’ दुसऱ्या दिवशी मूल त्या प्रश्नांची उत्तरं जुन्या मजकुरात घालतं. ही भर घालण्याची पायरी गाळली की सगळं वाया जातं. मुलांना पुन्हा लिहिणं म्हणजे शिक्षा वाटते, कारण ‘पाच वेळा लिहून आण’ हे त्यांनी शिक्षा म्हणूनच ऐकलेलं असतं. म्हणून पूर्ण निबंध पुन्हा उतरवायला लावू नका. बाण काढून, कडेला, कुठेही भर घालू द्या.

तपासताना पहिल्या खेपेला लाल पेन नको. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं त्या वाक्याखाली पेन्सिलीची एक रेघ, बस. शुद्धलेखन नंतरच्या खेपेला, तेही एका वेळी दोन-तीन प्रकारच्या चुकांपुरतं. रोज सात वह्या घेतल्या तर पाच दिवसांत पस्तीस होतात.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एका मुलीनं लिहिलं : आजी म्हणली, ‘अगं शेळीला आत घे की, भिजायलीय ती.’ तिथे लाल पेनानं ‘आजी म्हणाली की शेळी भिजत आहे, तिला आत घे’ असं केलं की वाक्य शुद्ध झालं आणि आजी निघून गेली. मुलीला त्यातून कळतं ते एवढंच, की आपल्या घरचं बोलणं वहीत चालत नाही. मग ती पुस्तकातला मोर आणणारच. अवतरणचिन्हातलं बोलणं जसंच्या तसं राहू द्या. बाहेरचं कथन हळूहळू प्रमाण भाषेत आणा, आणि हा फरक मुलांना उघड सांगा. पाचवीच्या मुलालाही तो पटकन समजतो.

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत स्वमताच्या कृती आहेत, त्या याच सवयीची परीक्षा घेतात. दुःखाची गोष्ट अशी, की बाजारात आता स्वमतही तयार मिळतं आणि मुलं ते पाठ करतात.

प्रश्न : पाढे आणि कविता पाठ करून घेणं बंद करावं का? नातवाच्या शाळेत म्हणतात, घोकंपट्टीनं डोकं बोथट होतं.
*— आजोबा, परतूर*

बंद करू नका. ज्याला बाराचा पाढा तोंडपाठ आहे त्याचं लक्ष बेरजेत अडकत नाही, ते उदाहरणाकडे मोकळं राहतं. पाठ झाल्यावर मात्र थांबू नका. नऊच्या पाढ्यातल्या प्रत्येक उत्तराचे अंक मिळवायला सांगा : १८, २७, ३६… नव्वदपर्यंत. काय दिसतं ते त्यालाच बोलू द्या, आणि ९९ ला आल्यावर तो चक्रावला तर चक्रावू द्या.

प्रश्न : पोळ्याला वर्गात मातीचे बैल करून घेते. दरवर्षी पाय तुटतात, अंगाला तडे जातात, निम्मी मुलं रडकुंडीला येतात. यंदा साच्यातले तयार बैल आणून नुसते रंगवून घेऊ का?
*— शिक्षिका, पाटोदा*

यंदा तरी नका आणू. तडे का जातात हे समजलं की तेच तुमच्या वर्गाचं सगळ्यात चांगलं काम ठरेल.

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानं. त्याच मातीचा बैल केला तर त्यालाही भेगा पडणार. म्हणून नुसती काळी माती घेऊ नका. तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ मिळाला तर उत्तम. काळीच असेल तर चाळलेल्या मातीच्या ४ वाट्यांना बारीक वाळू १ वाटी आणि मूठभर बारीक भुसा किंवा पिंजलेला कापूस. वाळू आकसत नाही, त्यामुळे एकूण आकसणं कमी होतं. भुसा-कापूस मातीला धरून ठेवतात. रात्रभर भिजवा, सकाळी कणकेसारखी तिंबा. बोटाएवढी जाड वळी करून तिचं कडं वळवून बघा : वाकताना फुटली तर पाणी कमी किंवा वाळू जास्त, तळहाताला चिकटली तर पाणी जास्त.

आता पाय. पाय बारीक, पोट जाड. पाय आधी वाळून घट्ट होतात, पोट अजून ओलं असतं आणि नंतर आकसायला लागतं. ते पायांना आत ओढतं आणि जांघेत तडा जातो. म्हणून पाय आखूड आणि जाड ठेवा, आणि शक्यतो त्याच गोळ्यातून ओढून काढा. वेगळे जोडायचेच असतील तर दोन्ही तोंडं काडीनं ओरखडा, मध्ये पातळ चिखल लावा आणि दाबून थोडं फिरवा. गुळगुळीत तोंडाला गुळगुळीत तोंड चिकटवलं की वाळल्यावर ते सुटतंच. पोटाखालून अंगठ्यानं खोलगट करा, भिंत बोटभर जाड राहिली पाहिजे. शिंगं मजबूत व्हावीत म्हणून मुलं आत काडी घालतात, पण काडी आकसत नाही, माती आकसते, आणि शिंग काडीभोवती उकलतं. शिंगांच्या मातीत कापूस थोडा जास्त घाला, काडी नको. पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, पुढचे तीन-चार दिवस सावलीत. उन्हात ठेवलेला बैल बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि दुपारपर्यंत पाठीवर चिरतो.

ही सगळी माहिती मुलांना आधी सांगू नका. सणाच्या दहा दिवस आधी सुरुवात करा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा द्या आणि काही न सांगता बैल करू द्या. हा कच्चा बैल. दोन दिवसांनी सगळे फुटके बैल ओळीत मांडा आणि फक्त विचारा, ‘कुठं कुठं तडकलाय?’ जांघेत, शिंगाच्या बुडाशी, पाठीवर, हे मुलंच सांगतील. मग ‘का?’ त्याच वेळी नुसत्या काळ्या मातीची आणि वाळू मिसळलेल्या मातीची १० सेंटिमीटरची एकेक पट्टी वाळत ठेवलेली असू द्या. वाळल्यावर मुलांना मोजू द्या, कोणती किती आखडली ते वजाबाकीनं कळेल. दुसरा बैल त्यानंतर. पहिला फुटल्यावर मुलं रडतात, कारण तोच शेवटचा असतो. दुसरा करायचाच आहे हे माहीत असलं की फुटका बैल नुसता बघण्याजोगा होतो.

साच्यातले तीस बैल कधीच तडकत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरत नाही. आणि हो, एखाद्यानं ट्रॅक्टर केला तर करू द्या. त्याच्या दावणीला बैल नसेल.

प्रश्न : मुलगा दहावीत, पुढं ‘नीट’ (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे. आम्ही लातूरला खोली करून राहतो. कल्पकता वगैरे ठीक आहे, पण त्यात वेळ गेला तर गुण जातील. खरं काय?
*— एक वडील, मूळ गाव अहमदपूर तालुका*

खोली करून, घर दोन ठिकाणी चालवून लेकराला शिकवणाऱ्या माणसाची ही काळजी अगदी रास्त आहे.

लातूर पॅटर्नचा कणा म्हणजे ठरलेला अभ्यास, वारंवार चाचण्या आणि उजळणी. यात कल्पकतेचं वाकडं असं काही नाही. डोक्यात काही साठलेलंच नसेल तर नवं जुळवणार कशाचं? बिघाड होतो तो फक्त ओळखीचे प्रश्न सोडवण्याची सवय लागली की. प्रश्नाचा चेहरा जरा बदलला की मुलगा म्हणतो, ‘हे क्लासमध्ये झालं नाही.’ नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. चेहरा बदललेले प्रश्न तिथे नेहमीच भेटतात.

आठवड्यातून फक्त ४० मिनिटं मागतो, रविवारी. त्यात मुलानं प्रश्न सोडवायचा नाही, तयार करायचा. त्या आठवड्यात झालेल्या एका मुद्द्यावर एक प्रश्न आणि चार पर्याय. तीन पर्याय चुकीचे, पण प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेला हवा आणि तो कोणता हे खाली लिहायचं. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठातलंच घ्या. दगड सरळ वर फेकला, सर्वोच्च बिंदूवर त्याचं त्वरण किती? बरोबर उत्तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनं. पहिला चुकीचा पर्याय ‘शून्य’ : तिथे वेग शून्य असतो, मुलं वेग आणि त्वरण एकच समजतात. दुसरा ‘९.८, वरच्या दिशेनं’ : दगड वर जातोय म्हणजे त्वरणही वर, असा घोटाळा. तिसरा सुचायला वेळ लागतो. ‘९.८ पेक्षा पुष्कळ कमी’ : वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपत येतं असं वाटणं. तिसऱ्या पर्यायापाशी बसलेली ती दहा मिनिटं हाच खरा अभ्यास. दुसरा माणूस कुठे आणि का चुकेल हे ज्याला मांडता येतं, तो स्वतः तिथे सहसा फसत नाही.

सुरुवातीचे चार-पाच प्रश्न रद्दी होतील. पर्याय नुसतेच आकडे बदलून केलेले असतील : ९.८, १०.८, ११.८. रागवू नका. ‘हा पर्याय कोण निवडेल?’ एवढंच विचारा. खोलीवर दुसरा मुलगा असेल तर दोघांनी एकमेकांना प्रश्न घालावेत, त्यात फार गोडी येते. आणि या प्रश्नांना गुण देऊ नका. गुण दिले की तो सोपे आणि सुरक्षित प्रश्न काढेल.

झोप कापून हे करू नका. चाळीस मिनिटं उजळणीतूनच काढा.

प्रश्न : चित्रात माझा मुलगा कायम दोन टोकदार डोंगर, मधून सूर्य, नदी आणि नारळाचं झाड काढतो. एलिमेंटरीला (चित्रकलेची सरकारी परीक्षा) बसवायचंय. चित्रकलेचा क्लास लावू का?
*— एक आई, धारूर*

धारूरला नारळ कुठला? बालाघाटचे डोंगर तर बसाल्टच्या थरांचे, माथ्यावर सपाट, पाटासारखे. मुलानं ते रोज पाहिले आहेत पण निरखलेले नाहीत, कारण फळ्यावरचं चित्र आधीच हातात बसलं.

क्लास लावा, पण आधी विचारा की तिथे वस्तू समोर ठेवून काढून घेतात की छापील चित्रावरून उतरवून. एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र दोन्ही असतात. उतरवून हात वळतो, डोळा वळत नाही. घरी एक बाभूळ निवडा. पाच मिनिटं नुसतं बघायचं, मग झाडाकडे पाठ करून काढायचं. अडलं की पुन्हा जाऊन बघायचं, पण कागद तिथेच ठेवून. असे तीन फेरे. पहिल्या फेऱ्यात खोड आणि हिरवा गोळा येईल. दुसऱ्यात कळेल की खोड काळपट, उभं चिरलेलं आहे. तिसऱ्यात पांढरे जोडकाटे दिसतील. गावाजवळ रामकाठी बाभूळ असेल तर तिच्या शेजारी साधी बाभूळ काढायला लावा : एक केरसुणीसारखी सरळ वर गेलेली, दुसरी छत्रीसारखी पसरलेली. ‘बाभूळ अशी काढतात’ हे वाक्य मग त्याला कोणी पटवू शकणार नाही. त्याच्या कागदावर तुम्ही किंवा सरांनी रेघ ओढून ‘दुरुस्त’ करू नका. दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घ्या.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात पालकांनी केलेले मॉडेल बक्षीस नेतात. बक्षिसं ठेवावीत की नाहीत?
*— मुख्याध्यापिका, गंगाखेड*

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडेल. स्केचपेननं चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक मिळालेल्या बक्षिसानं असं काही बिघडलं नाही. म्हणजे सौदा झाला की आवड पातळ होते. ज्या कामात मुळात गोडीच नाही त्याला हा निष्कर्ष तसाच लावू नका.

तुमच्यासाठी सरळ उपाय : मॉडेल शाळेतच, चार शनिवारी करून घ्या, घरून आणू देऊ नका. थर्माकोल-ग्लिटर वर्ज्य. परीक्षकांनी मॉडेल पाहण्याआधी मुलाची कच्ची वही मागावी आणि तीनच गोष्टी विचाराव्यात : पहिल्यांदा काय चाललं नाही, मग काय बदललं, अजून काय अडतंय. बापानं केलेल्या मॉडेलला या प्रश्नांची उत्तरं नसतात. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी मुलांच्या कल्पना पाठवायच्या त्या याच वह्यांतून निवडा. निवड झाली तर मुलाला १०,००० रुपये मिळतात, पण तो आकडा सुरुवातीलाच वर्गात सांगू नका.

प्रश्न : आमची शाळा तांड्यावर आहे. पहिलीची मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत, मैदानावर मात्र भांडणं, गाणी, नकला सगळं चालू. यांना कल्पक कसं करू?
*— शिक्षक, मुखेड तालुका*

ती आहेतच, मैदानावर तुम्ही पाहिलंत. वर्गात अडसर भाषेचा आहे. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, पुस्तकात मराठी. जे मनात आहे ते सांगायला शब्दच नसतील तर मूल गप्पच बसणार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं सांगतं, तेव्हा यात नियमाबाहेरचं काही नाही.

भिंतीवर दोन रकान्यांचा एक मोठा कागद लावा. डावीकडे मुलांचा शब्द, उजवीकडे मराठी : याडी – आई. रोज पाचच शब्द, आणि डावीकडचे शब्द मुलांनी तुम्हाला शिकवायचे. तुमचा उच्चार चुकेल, मुलं हसतील, दुरुस्त करतील. तेवढ्यात बोलणं सुरू होतं. गोष्ट आधी गोरमाटीतच सांगू द्या. तुम्हाला सगळी कळली नाही तरी चालेल, चौथीतली एखादी मुलगी मराठीत करून सांगेल. ती मराठीत करते तेव्हा फळ्यावर तिचीच वाक्यं लिहा आणि पहिलीच्या मुलांना वाचनाचा पहिला धडा तोच द्या. ऊसतोडीच्या हंगामात मुलं कारखान्याकडे जातात तेव्हा हा कागद मोबाइलवर फोटो काढून पालकांकडे पाठवा आणि परत आल्यावर त्या गावातले नवे शब्द त्यात भरायला लावा. मार्चमध्ये परतलेल्या मुलाकडे वर्गाला शिकवायला दहा-बारा शब्द असतील. त्या दिवशी पहिला तास त्याला द्या.